सैल सोडायची खूण

जुने बॉयलर, गंजलेल्या टाक्या, बुडीत कारखान्यांची धुराडी, असं सगळं लोखंड जिथे मरायला येतं, त्या आवारात थांबादादा काम करायचा. त्याचं खरं नाव मुकादमाच्या हजेरीत असेल, बाकी कुणाला त्याची कधी गरज पडली नाही. क्रेनखाली उभं राहून वर बसलेल्याला हाताने खुणा करायच्या, हे त्याचं काम. लोखंड कापण्याच्या आवाजात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून बोलायचं ते हातांनीच. बोट वर करून फिरवलं की उचल. खाली करून फिरवलं की उतरव. मूठ आवळली की आहे तसं धरून ठेव. मूठ हळूहळू उघडत बोटं जमिनीकडे सोडली की सैल सोड, दोर ढिला कर. आणि हात आडवा ताणून पंजा दाखवला की थांबा. ही खूण करताना तो तोंडानेही ओरडायचा, कुणाला ऐकू येवो न येवो. उभा जन्म एक शब्द ओरडण्यात गेला म्हणून तेच नाव पडलं, आणि केस पिकले तसा मागे 'दादा' लागला.

या शेवटच्या खुणेचा एक नियम होता. थांबा म्हटलं की क्रेन जागच्या जागी गोठायची, आणि ज्या हाताने ती खूण केली तोच हात खाली येईपर्यंत मालकाचा बाप आला तरी हलवायची नाही. नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेले नियम साहेब लोकांच्या उपयोगाचे असतात. हा माणसं चिरडून झालेला होता, म्हणून सगळे पाळत.

क्रेनच्या पेटीत जो बसायचा त्याला सगळे 'वरचा' म्हणत. सगळं वरच्याच्या हातात आहे, असं या आवारात कुणी म्हटलं तर त्यात भक्ती नसायची. पत्र्याचा ढीग डोक्यावर लोंबकळत असताना ते साधं सत्य असायचं. आणि वरच्याला तरी खालचं काय दिसायचं? ना भार कुठे टेकतोय ते, ना कोण मध्ये आलंय ते. त्याला दिसायचे फक्त दादाचे हात. जेवायच्या सुट्टीत तो शिडी उतरून दादाशेजारी बसायचा आणि पाठ त्याच्याकडे करायचा. दिवसभर याचंच थोबाड बघतो, बायकोकडे कधी इतकं बघितलं नाही, निदान घास तरी सुखाने गिळू दे, म्हणायचा. दादा म्हणायचा, बायकोकडे बघितलं असतंस तर तिने कधीच हाकलला असता.

पण दादाला आवारात जो मान होता तो खुणांमुळे नव्हता. तो मरणाच्या दारातून परत आला होता, त्याचा होता.

जवानीत एक खिळा चपलेतून त्याच्या तळव्यात गेला. त्याने तो उपटून फेकला, जखमेवर माती दाबली आणि कामाला लागला. आठवड्याभराने जबडा धरला, मग मान, मग पाठ. धनुर्वात हे नाव कुणी उगाच ठेवलेलं नाही, माणसाचं खरंच धनुष्य होतं. सरकारी इस्पितळातल्या अंधाऱ्या खोलीत तो पडून होता. दार कुरकुरलं, भांडं वाजलं, कुणी चादरीला हात लावला, की अख्खं अंग कमानीसारखं उचललं जायचं आणि दातांवर दात आवळले जायचे. लोकांना वाटतं अशा वेळी शुद्ध हरपते. हरपत नाही. त्याला सगळं कळत होतं, फक्त स्वतःच्या अंगाला 'बास कर' म्हणता येत नव्हतं. त्याची बायको तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. अनवाणी, श्वास धरून चालायला ती त्या खोलीत शिकली.

तो वाचला. घरी सोडताना, सुया बाकी आहेत, त्या घ्यायला ये, असं त्याला बजावलं होतं. तो गेला नाही. ज्याने मरण पचवलं त्याला सुई काय शिकवणार, हे त्याचं गणित.

आवारात परतला तेव्हा लोक त्याच्या दंडाला हात लावून बघत होते, हा तोच ना म्हणून. थोड्याच दिवसांत एकाचा अंगठा पत्र्याने फाटला. प्रथमोपचाराची पेटी होती, नाही असं नाही. ऑफिसात, काचेच्या कपाटात, कुलपात. किल्ली मुकादमाच्या कमरेला आणि मुकादम जागेवर नाही. तपासणीचा साहेब आला की ती पेटी बाहेर यायची, कोरे हातमोजे बाहेर यायचे, आणि साहेबाची गाडी वळली की दोन्ही परत आत. तर दादाने खांद्यावरच्या फडक्याची पट्टी फाडली, अंगठ्याला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि गाठ मारताना सवयीने म्हणाला, "थांब." रक्ताला म्हणाला असेल. ऐकणाऱ्याला वाटलं, विषाला म्हणाला.

अंगठा बरा झाला. बहुतेक जखमा बऱ्या होतातच, पण श्रेय जखमेला कोण देतो? पुढच्या वेळी दुसरा आला, मग तिसरा. दादाची गाठ पडली की धनुर्वात जवळ येत नाही, एकदा चावून गेलेलं कुत्रं त्याला ओळखतं, अशी बोलवा झाली. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला पिण्याच्या पाण्याचा नळ दाखवायचे आणि दादा दाखवायचे. आधी दादा हसायचा. मग हसायचं सोडून दिलं. मग गाठ मारण्याआधी डोळे मिटायला लागला. आयुष्यभर दुसऱ्याचं ओझं उचलायच्या खुणा केलेल्या माणसाकडे कुणी भरवशाने हात पुढे करतो, तेव्हा त्या हाताला नाही म्हणायला फार मोठं काळीज लागतं. एका वर्षी मालकाने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नवं सुती फडकं दिलं. एका फडक्यात मालकाने अख्ख्या आवाराचा दवाखाना उरकला.

युनियनने भांडभांड भांडून एकदा धनुर्वाताच्या सुया गेटवर आणवल्या. दवाखान्यातली सुईवाली बाई टेबल मांडून, बर्फाचा डबा शेजारी ठेवून बसली. फुकट होत्या. माणसं जमली, पण पुढे कुणी होईना. सगळ्यांचे डोळे दादाकडे. सुईवालीलाही ते कळलं. ती म्हणाली, तुम्ही आधी बसा.

"मला कशाला, बाई?" दादा म्हणाला. "मी आतून भाजून निघालेलं मडकं आहे. ज्याला हवी त्याने घ्या, मी कुणाचा हात धरलेला नाही."

सुईवाली म्हणाली की हा रोग कुणाची ओळख ठेवत नाही, एकदा आलेल्या घरी पुन्हा येतो. त्यावर दादा म्हणाला, येऊ दे, चहा पाजू. हशा पिकला. त्या हशात वरच्याने कोपरापर्यंत वर केलेली बाही खाली ओढली आणि बटण लावलं. दादाने ते पाहिलं, आणि त्याला बरं वाटलं.

घरी बायकोला हे कळलं तेव्हा ती कणीक मळता मळता म्हणाली, "मरणाने तुला सोडलं म्हणजे तुला देव केलं, असं नाही." तिने स्वतःला आणि लेकीला कधीच टोचून घेतलं होतं, त्याला न सांगता.

क्रेनच्या दोराला अधूनमधून ग्रीस चोळावं लागतं. दोर म्हणजे लोखंडी तारांचे पीळ, पिळांचा पुन्हा पीळ. जुना झाला की आतल्या तारा तुटून माशाच्या काट्यासारख्या बाहेर उभ्या राहतात. मोजे घालून काम करायचं असतं, आणि मोजे कुठे होते ते सांगून झालंच आहे. वरच्याच्या तळहातात तसा एक काटा खोल शिरला आणि आत मोडला. रक्त जवळजवळ आलंच नाही. वाहती जखम स्वतःला धुऊन घेते, मिटलेली जखम आत आलेल्याला आसरा देते. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? वरचा शिडी उतरला, हात पुढे केला. दादाने पकडीने काटा उपटला, ग्रीस पुसलं न पुसलं, करकचून पट्टी बांधली आणि म्हणाला, थांब.

वरचा म्हणाला, विष थांबलं ते ठीक, पण माझी बोटं पण थांबली की, जरा ढिली कर. दादा म्हणाला, ढिली गाठ ही गाठच नव्हे.

जखम चार दिवसांत मिटली. मग एके सकाळी एक जाडजूड टाकी उतरवायची होती. टाकी जमिनीला टेकली. आकडा काढायला जाड्या खाली उभा होता. हा गॅसने लोखंड कापणारा, दोन माणसांचं अंग असलेला गडी. दादाने मूठ हळू उघडून बोटं जमिनीकडे सोडली. सैल सोड. दोर ताठच. दादाने पुन्हा खूण केली. दोर ताठ. टाकी टेकलेली असूनही ओढली जात होती, कण्हल्यासारखी वाजत होती. तिसऱ्या खुणेला दोर एकदम सुटला आणि आकडा जाड्याच्या कानाला वारा घालून गेला.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दादाने खालूनच हातांनी एक खूण केली, ती क्रेनच्या कामातली नव्हती.

सुट्टीत वरचा शिडीवरून एकेक पायरी मोजल्यासारखा उतरला. डबा उघडलाच नाही. दात धरलेत, अक्कलदाढ असेल, असं दातांतल्या दातांत म्हणाला. दादा म्हणणार होता की अक्कल नाही तिथे दाढ कुठून येणार. पण त्याने वरच्याच्या तोंडाकडे पाहिलं. भुवया वर ओढलेल्या. ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले. माणूस वैतागलेला होता आणि चेहरा हसत होता.

ते हसू दादाने कधी आरशात पाहिलं नव्हतं. त्याने ते आतून सोसलं होतं. अख्ख्या आवारात ते ओळखणारा तो एकटा होता, आणि त्याने ते ओळखलं. नाव जिभेच्या टोकाशी आलं. आणि त्याच क्षणी मनात दुसरं आलं, की गाठ मी बांधली आहे. मी बांधलेल्या गाठीतून हे कसं होईल? म्हणजे हे ते नाहीच. त्याने वरच्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या आणि क्रेनखाली जाऊन उभा राहिला. ज्याने आयुष्यभर सगळ्यांच्या आधी 'थांबा' म्हटलं, तो त्या दुपारी गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्याची बायको, सगळ्यांची वहिनी, गेटवर धावत आली. पाठ उचलली जातेय म्हणाली. बाकीचं दादाने ऐकलंच नाही, तो पळत सुटला होता.

इस्पितळ तेच होतं. खोली दुसरी, अंधार तसाच. खिडकीला काळं कापड, दाराच्या बिजागरीला तेल, आत बोलायचं नाही, हात लावायचा नाही. वरच्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली होती आणि यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. मुठी आवळलेल्या, इतक्या की नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून कापसाच्या गुंडाळ्या आत सरकवल्या होत्या. दादा दारातूनच मागे फिरला.

वहिनी व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. रडून झालं होतं. तिने मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही बांधलंत ना, भाऊजी? मग आता सोडवा."

दादाजवळ एक गोष्ट होती, निदान त्याला वाटत होतं की आहे. वॉर्डाची डॉक्टरीण, लेकीच्या वयाची, उभ्याउभ्याच डब्यातला घास खात होती. तिच्यासमोर जाऊन त्याने बाही वर केली.

"माझं रक्त घ्या, बाई. मला होऊन गेलाय. याची तोड माझ्या रक्तात आहे. लागेल तेवढं घ्या."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने डबा खाली ठेवला आणि विचारलं, त्या दुखण्यानंतर सुया घेतल्या होत्या का. नाही म्हणाला. त्यानंतर कधी? कधीच नाही.

"मग तुमच्या रक्तात काहीच नाही, काका," ती म्हणाली. "या विषाचा इतका बारीक अंश माणसाला आडवा करतो, की रक्तातल्या पहारेकऱ्यांना चोर आलेला कळतच नाही. त्यांनी त्याला पाहिलेलंच नाही. मग पुन्हा आला तर ओळखतील कसे? सुईतून त्यालाच दात पाडून, भरपूर दाखवतात, म्हणून ते शिकतात. तुम्ही काल जन्मलेल्या बाळाइतके कच्चे आहात."

दादाची बाही वरच राहिली. मग मी वाचलो कसा, एवढंच त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने इतक्या वर्षांत कुणाला विचारला नव्हता, कारण उत्तर आपल्याजवळ आहे असं तो धरून चालला होता.

ती बाकावर बसली, त्यालाही बसवलं, आणि सांगू लागली. बोलायची हातवारे करून, म्हणून दादाला पटकन कळत होतं. मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये फट असते. इकडच्या टोकाशी अतिसूक्ष्म पिशव्या निरोपाचं द्रव्य भरून तयार असतात. निरोप पलीकडे जायचा तर पिशवी काठाच्या भिंतीला भिडून उघडली पाहिजे. त्यासाठी पिशवीच्या अंगावर एक प्रथिन असतं, दोरीच्या टोकासारखं बाहेर लोंबणारं. भिंतीवर त्याचे जोडीदार असतात. निरोपाची वेळ आली की ती टोकं एकमेकांत पीळ घालतात, आणि तो पीळ आवळत आवळत पिशवीला भिंतीशी ओढून आणतो. पिशवी भिंतीत मिसळते, उघडते, निरोप फटीत सांडतो आणि पलीकडची पेशी तो उचलते. पिशवीवरच्या त्या प्रथिनाचं नाव तिने सांगितलं, सिनॅप्टोब्रेव्हिन. दादाच्या जिभेला ते झेपलं नाही.

"म्हणजे आमचा दोर," तो म्हणाला. "पिळावर पीळ."

तसंच, ती म्हणाली. आणि धनुर्वाताचं विष म्हणजे एक कात्री. जखमेपासून ते मज्जातंतूतून वर वर चढत मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातं आणि नेमक्या त्या पेशींत शिरतं, ज्यांचं काम स्नायूंवर लगाम ठेवायचं असतं. आत जाऊन पिशव्यांवरचं हे एकच प्रथिन कापतं. बाकी कशाला धक्का नाही. पिशव्या आहेत, निरोप भरलेला आहे, पण ओढून न्यायला दोर नाही, म्हणून एकही पिशवी उघडत नाही. ओढ म्हणणारे निरोप चालू राहतात. बंद पडतो तो एकच निरोप.

"कुठला?" दादाने विचारलं, जरी त्याला कळलं होतं.

"पुरे, आता सैल सोड, हा."

दादाला ती टाकी आठवली, जमिनीला टेकूनही ओढली जाणारी.

कापलेलं टोक पुन्हा जोडता येत नाही, डॉक्टरीण सांगत होती. बाहेर भटकणारं विष औषधाने पकडता येतं, पेशीत शिरलेलं नाही. म्हणून लवकर आणणं महत्त्वाचं. शरीर नवं प्रथिन विणतं, नवे दोर बांधतं, त्याला आठवडे लागतात. तोवर माणसाला जिवंत ठेवायचं, बस. श्वास पुरवायचा, अंधार ठेवायचा, आवाज होऊ द्यायचा नाही. तुम्हाला कुणी वाचवलं असेल, तर तेव्हा जे शेजारी बसले त्यांनी.

अनवाणी चालणारी, श्वास धरलेली बायको. दादाने बाही खाली केली. तो त्या दुपारी ओळखूनही गप्प बसला होता, ते त्याने डॉक्टरणीला सांगितलं नाही. वहिनीला सांगितलं. व्हरांड्यात, तिच्यासमोर उभं राहून, पुरतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी काहीच बोलली नाही.

क्रेनवर बदली माणूस बसवला होता. मालकाला लोखंडाची घाई होती, वरचा काय, एक गेला तर दुसरा वर. दादा कामावर आला त्या सकाळी जाड्याच्या मनगटाला पत्र्याची धार लागली. मोठी जखम नव्हती. तो नेहमीप्रमाणे हात पुढे करून दादासमोर आला. मागे चारदोन माणसं रेंगाळली, कारण वरच्याच्या दुखण्याचा त्यांनी आपापला अर्थ लावला होता. गाठ ढिली पडली असेल, वरच्याने मध्येच सोडली असेल, ग्रीस होतं म्हणून धरली नसेल. गाठीवर कुणाचाच संशय नव्हता. दादाला हवं असतं तर तो ते सगळं तसंच चालू देऊ शकला असता. जगात अशी किती देवस्थानं याच्यावरच उभी आहेत.

त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली आणि खाली ठेवलं.

"माझ्या हातात काही नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हतं. वरच्याला मीच बांधलं, घट्ट बांधलं, आणि धनुर्वात आत कोंडला. मला होऊन गेलाय त्याचा तुम्हाला उपयोग नाही, मलासुद्धा नाही."

जाड्या म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं आम्हाला उल्लू बनवलंस. मी आधी स्वतःला बनवलं, दादा म्हणाला. मग त्याने मुकादमाकडे पेटीची किल्ली मागितली. साबण-पाण्याने जखम धुवायची होती, आणि सुईवालीला बोलवायचं होतं, आजच. मुकादम म्हणाला, तपासणीचा साहेब येईल तेव्हा बघू, आधी तो पत्रा उतरव.

पत्रा क्रेनला अधांतरी लटकत होता. दादा चालत क्रेनखालच्या जागेवर गेला, उजवा हात आडवा ताणला आणि पंजा उघडा धरला. ओरडला नाही. बदलीवाल्याने दांडा सोडून दिला.

क्रेन थांबली म्हणून कापणारे थांबले, ते थांबले म्हणून ओढणारे थांबले. आवारात इतकी शांतता झाली की दूरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायला लागले. मुकादमाने आधी शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग मालकाला आणलं. मालक म्हणाला, हात खाली कर, मग बोलू. दादा म्हणाला, मालक, हा हात तुमच्यासाठी खाली येत नाही, नियम आहे. मालक वर बघून बदलीवाल्यावर ओरडला. बदलीवाला पोरगेला होता, घाबरला होता, पण त्याने मान हलवली. नाही. त्याचा बाप याच आवारात चिरडला होता.

हात आडवा धरून ठेवणं सोपं नसतं. आधी खांदा जळतो, मग बधिर होतो, मग थरथर सुरू होते. पंजा खाली झुकायला लागला तेव्हा जाड्या पुढे आला. रागातच होता, तोंडाने पुटपुटत होता. दादाच्या कोपराखाली त्याने आपला रक्ताळलेला हात घातला आणि टेकू दिला.

किल्ली आली. काच उघडली. पेटीतल्या औषधाची मुदत संपून गेली होती, पण साबण बरा निघाला. आणि उन्हं कलायच्या आत सुईवाली बाई बर्फाचा डबा घेऊन गेटवर बसली. दादा पहिला बसला. ज्या हाताने क्रेन धरली तो हात वर उचलेना, म्हणून बाहीही तिलाच सरकवावी लागली. चहा पाजणार होतात ना, ती म्हणाली. दादा म्हणाला, पाजतो, पण आधी टोच. त्याच्यामागे रांग लागली. हशा पिकला नाही. टोचून घेऊन माणसं दादाकडे न बघता कामाला निघून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी आपणहून राम राम घातला नाही. फडकं जिथे ठेवलं होतं तिथे पडून होतं. संध्याकाळी त्याने ते उचललं आणि घरी नेलं. बायकोने त्याचं फरशी पुसायचं पोतेरं केलं.

रोज काम सुटलं की तो इस्पितळात जायचा आणि दाराबाहेर उभा राहायचा. आत जायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी बाकावर, तो भिंतीला टेकून, दोघांत एक शब्द नाही. आतून यंत्राचा श्वास ऐकू यायचा. कधी बाहेर एखादी बादली पडली की दोघंही एकदम दाराकडे बघायची, आणि आत काय झालं असेल ते दोघांना कळायचं. दादाच्या स्वतःच्या पाठीत तेव्हा काहीतरी ताठ व्हायचं. एकदा वरच्याचं काळीज भलतंच धावलं आणि सगळी धावपळ झाली. तो दिवस सरला. मग झटके विरळ झाले. डॉक्टरणीने खिडकीवरचं कापड थोडं थोडं सरकवलं, गुंगीचं औषध थोडं थोडं उतरवलं. दादा मनात म्हणायचा, विणा रे, दोर विणा. त्या प्रथिनाचं नाव त्याला शेवटपर्यंत आलं नाही.

एका दुपारी डॉक्टरणीने वहिनीला सांगितलं, आज हात धरून बसलात तरी चालेल. वहिनी आत गेली, स्टूलवर बसली आणि तिने वरच्याचा हात दोन्ही हातांत घेतला. इतके आठवडे न धरलेला हात. तिने तो असा धरला, की आता तिच्याकडून कुणी सोडवून घेणार नाही. दादा दारातच उभा होता, नेहमीसारखा.

वरच्याचे डोळे उघडे होते. गळ्यात नळी असल्याने आवाज निघणार नव्हता. त्याचा दुसरा हात चादरीवर पडलेला, मूठ अजून अर्धी मिटलेली. ती मूठ हलली. थांबली. मग एकेक बोट, फार सावकाश, जणू प्रत्येकाला वेगळा निरोप धाडावा लागतोय अशी, उघडत गेली आणि जमिनीच्या दिशेने लोंबली. वरचा परत तेच करायला लागला.

वहिनी घाबरली. झटका आला का म्हणून तिने दाराकडे मान वळवली, आणि इतक्या दिवसांनी दादाशी बोलली.

"भाऊजी, हे काय म्हणतायत?"

दादाने पुन्हा त्या बोटांकडे पाहिलं.

"तुम्ही फार घट्ट धरलाय, वहिनी," तो म्हणाला. "सैल सोडा म्हणतोय."

तिने पकड ढिली केली. हात सोडला मात्र नाही. थोड्या वेळाने, मागे न बघताच, तिने पायाने दुसरं स्टूल दाराच्या बाजूला सरकवलं.